आठ दिवसांचा डोंगर

३ नोव्हेंबर

मामा,

पोचले. शेवटचे नऊ किलोमीटर जीपनं आणि माझ्या कमरेनं मिळून पार पाडले. विश्रामगृहातली कोपऱ्यातली खोली मिळाली आहे. खाट, टेबल, एक खिडकी, आणि दाराची कडी अशी की आतून लावली तर बाहेरून कुणी धक्का दिल्याशिवाय निघत नाही. फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. टपालाची पिशवी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. तसंही फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू आपलंच बोलतोस, तेव्हा हेच बरं.

आता ऐक. माझ्या वाट्याला कुठला पट्टा आलाय? तुझाच. ओढ्यापासून वरच्या कड्यापर्यंतचा, आपल्या घरात ज्याला सगळे 'आठ दिवसांचा डोंगर' म्हणतात तो. वीस जानेवारीला तिथल्या लाकडाचा लिलाव आहे. त्याआधी एकूण एक मोठं झाड मोजायचं, कुठलं तोडायचं आणि कुठलं ठेवायचं ते ठरवायचं, आणि तोडायच्या झाडावर हातोड्यानं दोन शिक्के मारायचे, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी. वरचा शिक्का ओंडक्याबरोबर जातो, खालचा बुडख्यावर राहतो, म्हणजे मागाहून कुणी जास्तीचं झाड पाडलं तर तिथेच पकडता येतं. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण पहिल्यांदाच माझ्या सहीनं होणार आहे म्हणून मला लिहायला बरं वाटतं.

हाताखाली चार माणसं आहेत. दोघं टेप धरतात, एक रंग आणि हातोडा सांभाळतो, एक वहीत लिहितो. शिवाय इथले वनरक्षक. बावीस वर्षं ते या एकाच पट्ट्यावर आहेत आणि चार महिन्यांनी निवृत्त होणार. चालताना सारखी तोंडानं शिट्टी वाजवतात म्हणून त्यांना सगळे शिट्टीकाका म्हणतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ताई, मोजायचं ते मोठ्यानं आकडा म्हणून मोजा. झाडालाही कळू दे आपण मोजले गेलो ते."

मला हे काम जमणार आहे, मामा. शंकाच नाही.

तुझी भाची


९ नोव्हेंबर

भाचीबाई,

पत्र मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मी चष्मा घरभर शोधत होतो आणि तो माझ्याच डोक्यावर होता. हे तिनं तुला कळवायला सांगितलंय, म्हणून कळवतो.

चार गोष्टी ध्यानात ठेव. उतारावर नेहमी झाडाच्या वरच्या अंगाला उभी राहून छातीची उंची धर. खालच्या अंगाला उभं राहिलं की टेप बुंध्याच्या फुगीर भागावर येते आणि घेर उगाच वाढतो. झाडाला छातीच्या खाली फाटा फुटला असेल तर ती दोन झाडं, वर फुटला असेल तर एक. यावरून टेपवाल्यांशी वाद घालू नकोस, ते तुझ्या जन्माआधीपासून टेप धरतात. लिहिणाऱ्यानं प्रत्येक आकडा ऐकून परत मोठ्यानं म्हटलाच पाहिजे. आणि दुपारी जेवल्यावर जे मोजशील ते दोनदा मोज.

तुमच्या नशिबात सगळी झाडं मोजणं आहे. आमच्या वेळी तशी पद्धत नव्हती. पट्टाभर विखरून दहा चौकोन आखायचे, चारी कोपऱ्यांत दगड रोवायचे, आतली झाडं मोजायची आणि त्यावरून सगळ्या पट्ट्याचा आकडा काढायचा. शितावरून भाताची परीक्षा. पण शीत उचलायलाही अक्कल लागते.

आणि ते आठ दिवस. तू शंभरदा ऐकलंयस, एकशे एकाव्यांदा ऐक. तुझ्या आईच्या लग्नाला नऊ दिवस होते. काम बारा दिवसांचं. साहेब म्हणाले, काम संपल्याशिवाय सुटी नाही. मी म्हणालो, मग काम संपवतो. आठव्या दिवशी संध्याकाळी आकडा त्यांच्या टेबलावर, आणि नवव्या दिवशी सकाळी मी लग्नघराच्या दारात, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन हजर. तीन हजार एकशे बारा झाडं. शाबासकीचं पत्र अजून हॉलमध्ये टांगलेलं आहे. फाइल काढून बघ, खाली माझी सही आहे. अठ्ठावीस वर्षांत त्या आकड्याला कुणी बोट लावलेलं नाही.

तुझा मामा


२७ नोव्हेंबर

मामा,

मोजणी संपली. सतरा दिवस लागले, आणि वरच्या चढावर हातापायांनी चढून नखं गेली, पण एकही झाड सुटलेलं नाही. दोन हजार चारशे एक्कावन्न.

हो, तुला जे वाटतंय ते मलाही वाटलं. काल मॅडमनी तुझी फाइल काढली. माझ्या अधिकारी मॅडम फार बोलत नाहीत, दोन कागद शेजारी ठेवतात आणि समोरच्याकडे बघत बसतात. तुझा कागद आणि माझा कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांत लहान झाडं मोठी होतात. आकडा वाढायला हवा. सहाशे एकसष्ट झाडं गेली कुठे?" मी म्हणाले, मला ठाऊक नाही, पण माझा आकडा बरोबर आहे. आवाज जरा चढला असेल.

शिट्टीकाका तेव्हा दारातच उभे होते, पट्ट्याच्या फाटकाच्या किल्ल्या परत द्यायला आलेले. त्यांची शिट्टी मधेच थांबली. झाडं कमी झाली म्हणजे कुणीतरी तोडली, आणि बावीस वर्षं राखण कुणाची होती हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

पण मामा, एवढी झाडं तोडली तर बुडखे कुठे आहेत? मला मिळाले फक्त चाळीसेक. काहीतरी सुचव. तो पट्टा तुझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही.

तुझी भाची


३ डिसेंबर

भाचीबाई,

पुन्हा मोज.

तुझ्यावर अविश्वास नाही. पण पहिलीच मोजणी, तू नवखी, चढ असा की माणूस झाडापेक्षा आपल्या पायांकडे जास्त बघतो. पाचशे-सहाशेची चूक सहज होते. बुडख्यांचं म्हणशील तर ते कुजतात, वाळवी खाते, पानांखाली जातात. मधे वादळं झाली असतील, वणवा लागला असेल.

आणि तुमचे ते शिट्टीवाले. मी कुणावर आळ घेत नाही. पण एक डोंगर बावीस वर्षं एकाच माणसाच्या भरवशावर ठेवायचा म्हणजे काय? कुंपणानंच शेत खाल्लं असं माझ्या नोकरीत मी दोनदा पाहिलंय. एवढंच म्हणतो.

माझ्या आकड्याची काळजी तू करू नकोस. इथे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, तेवढंच.

मामा


१४ डिसेंबर

मामा,

पुन्हा मोजलं. या वेळी टेपवाले बदलले, लिहिणारा बदलला, वरून खाली आले, आणि मोजलेल्या प्रत्येक झाडाला खडूची रेघ मारली. दोन हजार चारशे पंचावन्न. चार झाडांचा फरक आहे आणि ती चारही फाट्याची आहेत, ज्यावर टेपवाल्यांशी वाद घालू नकोस असं तू सांगितलं होतंस. मी घातला. आता हा आकडा माझ्या बापालाही बदलता यायचा नाही.

पण त्यानं काम सुटलं नाही, जास्त अडकलं. माझी मोजणी जितकी पक्की, तितके शिट्टीकाका गोत्यात. त्यांना नोटीस मिळाली आहे. आठ जानेवारीला चौकशी, आणि झाडांचा पत्ता लागला नाही तर निवृत्तीच्या दोन महिने आधी बडतर्फ. बावीस वर्षांवर पाणी.

नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला ताई, पडलेलं प्रत्येक झाड दाखवतो." दोन दिवस हिंडवलं मला. हे वाऱ्यानं पडलं, त्या वर्षी ओढ्याला पूर होता. ही दोन विजेनं. हे एक चोरलं, माणसं पकडून दिली, पोलिसांत नोंद आहे. बावीस वर्षांत त्रेचाळीस झाडं, आणि प्रत्येकाची तारीख त्यांच्या डायरीत आहे. मामा, मोजणारी मीच, आणि माझ्याच आकड्यानं एका चांगल्या माणसाचा गळा आवळला जातोय. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथे तर चोरही नाही.

तुझी मोजणीची जुनी वही तू जपून ठेवली आहेस, मला माहीत आहे, पत्र्याच्या पेटीत. ती पाठव. कुठल्या चौकोनात किती झाडं होती ते कळलं की मी तेच चौकोन शोधून आज तिथे काय आहे ते दाखवते. काका सुटतील. सगळं तुझ्या वहीवर आहे. लगेच पाठव.

तुझी भाची


२४ डिसेंबर

पोरी,

मी मामी. तुझं पत्र येऊन आठवडा झाला आणि मामाचं उत्तर नाही, म्हणजे तू आजारपणाची शंका घेत असशील. तसं काही नाही. चार पोळ्यांच्या जागी दोन खातो, पण तब्येत ठणठणीत.

पत्र आलं त्या दिवसापासून मात्र मूग गिळून बसलाय. मी विचारलं, वही पाठवलीस का? म्हणाला, वाळवीनं खाल्ली. पोरी, ती पेटी मी दर वर्षी पुसते. वही आहे, धडधाकट आहे, आणि हल्ली रोज दुपारी मी झोपले असं समजून तो ती उघडून बसतो. हॉलमधलं ते शाबासकीचं पत्रही काढून ठेवलंय. भिंतीला रंग द्यायचाय म्हणे. या माणसानं तीस वर्षांत खिळ्याला हात लावलेला नाही.

मला त्या वहीतलं काही कळत नाही आणि मी उघडलीही नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तू त्याची लाडकी आहेस. काय विचारायचं ते सरळ विचार.

मामी


२९ डिसेंबर

मामा,

सरळ लिहिते.

वही आली नाही तेव्हा मी तुझे चौकोन वहीशिवायच शोधायचं ठरवलं. शिट्टीकाका सोबत होते. कोपऱ्याचे दगड मिळाले, चाळीसच्या चाळीस. प्रत्येकावर छिन्नीनं कोरलेला आकडा आणि त्याखाली रेघ. आकड्याखाली रेघ मारायची तुझी सवय मी तुझ्या किराणाच्या यादीतही पाहिलेली आहे. दहाही चौकोन ओढ्याकाठच्या सपाटीवर आहेत, मामा. एकमेकांना खेटून. तिथे झाडी दाट आहे. चढावर खडक आहे, झाडं विरळ आहेत, आणि वर एकही दगड नाही. मी तीन दिवस शोधला. सपाटीवरची दाटी तू सगळ्या डोंगराला लावलीस, म्हणून तीन हजार एकशे बारा.

आणि मी इतकी वर्षं ते आठ दिवस ऐकतेय. शाळेच्या निबंधात लिहिलेत. चढ स्वतःच्या पायांनी चढले तेव्हाच मला कळायला हवं होतं की आठ दिवसांत ते होत नाही. नुसतं कड्यापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस लागतो. पण तुझ्याबद्दल तसं मनातच आलं नाही. मला राग आलाय, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटतंय. मी या नोकरीत तुझ्यामुळे आले.

शिट्टीकाकांना चौकोन कुणाचे ते मी सांगितलं नाही. पण ते बघत होते, आणि ते मूर्ख नाहीत. मॅडमना अजून काही बोलले नाही.

आठ तारखेला चौकशी आहे. ती झाडं गेली नाहीत, ती कधी नव्हतीच, हे त्या दिवशी सांगितलं जाणार. तू यायचंस की मी लिहायचं, एवढंच ठरव.

भाची


३ जानेवारी

बाळ,

मी येतो.

पहिले तीन दिवस माणसं-सामान जमवण्यात गेले आणि सहाव्या दिवशी माझे चार चौकोन झाले होते, सगळे सपाटीवर, कारण सुरुवात तिथूनच करतात. मग मी चढाच्या पायथ्याशी उभा राहिलो. वर सहा चौकोन आखायचे तर सहा दिवस, खाली आखायचे तर दोन. वर झाडं विरळ आहेत हे मला खालून डोळ्यांनी दिसत होतं. ते न दिसल्याचं सोंग घेतलं आणि खालीच आखले. मनाशी म्हणालो, लग्न झालं की परत येऊन दुरुस्त करू. परत आलो तर टेबलावर शाबासकीचं पत्र होतं, आणि सहा महिन्यांत बढती. मग कुठल्या तोंडानं सांगणार? पुढे पुढे तर मलाच ते आठ दिवस खरे वाटायला लागले. गोष्ट शंभर वेळा सांगितली की अंगवळणी पडते.

तुला तो पट्टा मिळाला हे ऐकलं आणि त्याच दिवशी मी तुला शीत उचलायची अक्कल शिकवत बसलो. हे तुला हसायला लिहितोय. हसलीस तर बरं वाटेल.

पण तो खोटा आकडा मला तेवढा बोचत नाही. तीन डिसेंबरच्या पत्रात मी कुंपणाची ओळ लिहिली. ती लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं की त्या माणसानं काही केलेलं नाही. तरुणपणी घाईत केलेल्या चुकीला मी स्वतःला माफ केलं असतं. ही ओळ मी सदुसष्टाव्या वर्षी, खुर्चीत बसून, चहा पीत लिहिली.

तुझ्या आईला काल सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू चार दिवस उशिरा आला असतास तर मी चार दिवस रुसले असते. बस." तेवढ्यासाठी हे सगळं.

सात तारखेच्या दुपारच्या बसनं पोचतो. वही बरोबर आहे. तू मला घ्यायला येऊ नकोस, कामाच्या वेळेत काम कर.

मामा


१० जानेवारी

मामी,

मामा सुखरूप आहे. गुडघ्याला पट्टा बांधलाय आणि माझ्या खोलीच्या कडीशी त्याची मारामारी चालू आहे. परवा काय काय झालं ते तो तुला सांगेल, पण अर्धंच सांगेल, म्हणून मी लिहिते.

चौकशीला मॅडम आणि दोन साहेब होते. मामानं वही टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच बोलला. आठ दिवस कसे झाले ते सांगितलं, एकही शब्द न सजवता. मी त्याला असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मॅडमनी विचारलं, "अठ्ठावीस वर्षं गप्प का राहिलात?" तो म्हणाला, "माझं नाव होत होतं म्हणून." मॅडमनी जुनी फाइल त्याच्यापुढे सरकवली. त्यानं आपल्या सहीखाली 'हा आकडा चुकीचा आहे' असं लिहिलं आणि पुन्हा सही केली. नोटीस तिथल्या तिथे मागे घेतली. लिलाव ठरल्या दिवशी होणार, माझ्या आकड्यानं आणि माझ्या शिक्क्यांवर.

मला वाटलं, संपलं. बाहेर व्हरांड्यात मामानं शिट्टीकाकांपुढे हात जोडले. काकांनी ते हात धरून खाली केले. मग म्हणाले, "साहेब, कागद नीट झाला, बरं झालं. पण आमच्या वस्तीत कागद कोण वाचतो? महिना झाला, माझी बायको नळावर गेली की बाकीच्या गप्प होतात. मुलीच्या सासरहून निरोप आला, इकडे इतक्यात पाठवत नाही म्हणून."

मामानं विचारलं, "घरं किती आहेत?"

काका म्हणाले, "चौदा."

काल सकाळी आम्ही तिघं गेलो. कर्मचाऱ्यांची वस्ती आहे, पत्र्याची छपरं, पुढे एकेक पायरी. मामा प्रत्येक दारात थांबला, कडी वाजवली, आणि माणूस बाहेर आला की तेच सांगितलं. मी अमुक, पूर्वी इथे मोजणीला होतो. ती झाडं कधी नव्हतीच, मी खोटा आकडा लिहिला होता, यांनी एक फांदीही चोरलेली नाही. कुणी ऐकून नुसती मान हलवली, कुणी आत जाऊन बायकोला बोलावून आणलं आणि म्हणालं, हिच्यापुढे पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आणि तुम्हाला काय शिक्षा?" मामा म्हणाला, "ही चाललीय ना."

अकरा घरं झाली. उरलेली तीन टेकाडावर आहेत, वर जायला दगडाच्या पायऱ्या, कठडा नाही. तोवर मामा लंगडायला लागला होता. शिट्टीकाकांनी त्याचा दंड धरला. म्हणाले, "पुरे आता. वरच्या तीन घरांना मी सांगतो. तुम्ही सांगितलंत असंच सांगतो."

मामा म्हणाला, "नाही. वरची मीच करणार."

बसत, उठत, माझ्या खांद्यावर भार टाकत चढला. अर्धा तास लागला, मामी. पहिल्या दोन घरांत सांगून झालं. अगदी वरच्या घरातली बाई दारातच होती. आम्हाला चढताना बघून तिनं आधीच खुर्ची बाहेर आणून ठेवली होती आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "बसा आधी, केवढी धाप लागलीय, पाणी घ्या."

मामा बसला नाही. भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी मागाहून घेतो. आधी माझं ऐकून घ्या."

तुझी भाची